खप किती, वाचतो कोण? : लंडनच्या उन्हाळी कोर्सची तयारी

लंडनमधल्या एका विद्यापीठाच्या उन्हाळी कोर्सच्या अर्जात एकच मोठा प्रश्न होता. तुमच्या गावात बातमी लोकांपर्यंत कशी पोचते, ते पाचशे शब्दांत लिहा. कोर्स माध्यम अभ्यासाचा, जुलै 2025 मधला, तीन आठवड्यांचा. मार्कशीट, शिफारसपत्र, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण हे सगळे अर्जदार देणारच. निवड त्या पाचशे शब्दांवर होणार, हे अर्ज वाचतानाच कळत होतं.

आमचं घर इचलकरंजीत. आजोबांनी सुरू केलेली वृत्तपत्रांची एजन्सी आता पप्पा चालवतात. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरासमोर रोज पहाटे टेम्पोतून उतरतं. तरीही माझ्या पहिल्या मसुद्यात पप्पा नव्हते, टेम्पो नव्हता. जागतिकीकरण होतं, डिजिटल क्रांती होती, लोकशाहीचा चौथा स्तंभ होता. शिवाजी विद्यापीठातल्या पत्रकारिता विभागातल्या आमच्या मॅडमनी तो वाचला आणि विचारलं, "तुझ्या पप्पांच्या एजन्सीत कुठल्या पेपरचा खप किती आहे?" मला अंदाज होता, आकडा नव्हता. "त्यांना तोंडपाठ असेल. विचार त्यांना. आणि कुणाच्या घरी कुठला पेपर जातो, तोच का जातो, तेही विचार."

तयारीला खरी सुरुवात त्या दिवशी झाली असं मी मानते. त्यानंतर काही महिने मी व्हिसा, पैसे, इंग्रजी या सगळ्यांशी झगडले, पण ती कामं कुणालाही करावीच लागतात. जो कुणी माध्यमं शिकायला बाहेर जायचं म्हणत असेल, त्याला मी आधी मॅडमचा प्रश्न सांगते.

पहाटे चारच्या आत गठ्ठे येतात. मुख्य अंक वेगळा, पुरवण्या वेगळ्या, शिवाय एखाद्या कपड्याच्या दुकानाची किंवा क्लासची पत्रकं. पुरवणी भरण्याचं काम लहानपणापासून बघत आलेय, पण आता वही घेऊन बसले. पप्पा गठ्ठ्याची दोरी सोडतात, वरचे दोन-तीन अंक घडी मोडलेले किंवा भिजलेले निघतात ते बाजूला काढतात. डाव्या हाताने मुख्य अंक उघडायचा, उजव्या हाताने पुरवणी आत सारायची, अंगठ्याने घडी दाबायची. बोलता बोलता त्यांचं मोजणं चालू असतं. मग लाइनप्रमाणे वाटणी. कबनूरची लाइन, शहापूरची लाइन, गावभाग. पेपर टाकणारी पोरं सायकलवरनं, आता बरीच मोटारसायकलवरनं, सहाच्या आत निघतात. उरलेले स्टॉलवर जातात, त्यातून न खपलेला परतावा, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वसुली.

पप्पांकडून मला जे कळलं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. एखाद्या घरात वडील वारले की पुढच्या महिन्यात पेपर बंद होतो, कारण वाचणारा तोच होता. निवडणुकीच्या काळात खप वाढतो, पण निकालानंतरचा एकच दिवस जोरात जातो. दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस एके काळी एजंटाची दिवाळी असायची, निकाल मोबाइलवर आला आणि ते संपलं. सूतगिरणीच्या बाजूच्या वस्तीत एक अंक पाच-सात खोल्यांत फिरतो. सीमेपलीकडून येऊन यंत्रमागावर काम करणारे कन्नड पेपर मागतात, बिहार-उत्तर प्रदेशातले हिंदी. आणि लोक पहिल्यांदा कुठलं पान उघडतात? माझं उत्तर होतं पहिलं पान. पप्पा म्हणाले, "निधन वार्ता. आधी आपल्यातलं कोण गेलं ते बघत्यात, मग सरकार."

हे सगळं मी पाचशे शब्दांत बसवलं. फेब्रुवारीच्या शेवटी निवड झाल्याचं पत्र आलं, फीमध्ये काही सवलतही मिळाली. उरलेल्या खर्चासाठी एका स्थानिक ट्रस्टने हात दिला आणि पप्पांनी आवर्ती ठेव मोडली. पाउंड तेव्हा एकशे दहाच्या वरच होता, आणि फी, राहणं, विमान, जेवण मिळून आकडा तीन लाखांच्या पुढे गेला होता. आमच्यासारख्या घरात एवढे पैसे तीन आठवड्यांसाठी खर्च करणं ही साधी गोष्ट नाही. आईचा प्रश्न सरळ होता, "तीन आठवड्यात येवढं काय शिकवणार हायत?" मला तिला पटेल असं उत्तर देणं भाग होतं, आणि ते शोधताना माझी तयारी जास्त पक्की झाली. तीन आठवडे तिथे नुसतं ऐकत बसायचं असेल तर ते पैसे वाया. आधी वाचून, बघून, प्रश्न घेऊन जायचं, असं मी ठरवलं.

वाचनयादीत सगळ्यात वर स्टुअर्ट हॉल यांचा 1973 चा निबंध होता. हॉल जमैकात जन्मले, शिकायला इंग्लंडला आले आणि पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संस्कृती-अभ्यास केंद्राचे प्रमुख झाले. बातमी बनवणारा तिच्यात एक अर्थ भरतो आणि बघणारा किंवा वाचणारा तो आपल्या परीने काढून घेतो, हा त्या निबंधाचा गाभा. तीन तऱ्हा त्यांनी सांगितल्या. भरलेला अर्थ जसाच्या तसा घेणारा, काही मान्य करून काही आपल्या परिस्थितीला जुळवून घेणारा, आणि सरळ विरोधात वाचणारा. वाचताना हे सोपं वाटतं. मॅडम म्हणाल्या, सोपं वाटतंय तर करून बघ.

संधी चालून आली. 17 मार्चला मुंबई उच्च न्यायालयाने उसाच्या एफआरपीबाबतचा, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायच्या किमान दराबाबतचा, राज्य सरकारचा 2022 चा निर्णय रद्द केला. त्या निर्णयाने कारखान्यांना एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. कोल्हापूर-सांगलीत यापेक्षा मोठी बातमी वर्षात क्वचितच होते. इथे दरवर्षी हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, दरासाठी रस्ते अडतात, वाहनांची हवा सोडली जाते. 18 मार्चच्या सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर हीच बातमी. मी प्रत्येक पेपरची एक प्रत बाजूला काढली आणि वही घेऊन मलाबादे चौकातल्या चहाच्या गाड्यापाशी गेले. परवानगी घेतल्याशिवाय कुणालाही विचारायचं नाही आणि नावं लिहायची नाहीत, ही मॅडमची अट होती.

कारखान्याच्या शेती विभागात काम केलेल्या एका काकांनी बातमी वाचली आणि म्हणाले, निकाल ठीक, पण साखर विकल्याशिवाय कारखान्यानं पैसा आणायचा कुठून, ते कोण लिहिणार? शिरोळ तालुक्यातल्या एका ऊस उत्पादकाने मथळा मोठ्याने वाचून दाखवला, खिशातला फोन काढला आणि त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. त्याच्यासाठी ती बातमी म्हणजे जिंकलेली लढाई. एका शिक्षकांना निकाल मान्य होता, पण प्रत्यक्षात चौदा दिवसांत पैसे मिळतील यावर त्यांचा विश्वास नव्हता. इथपर्यंत हॉल यांच्या तिन्ही तऱ्हा मला वहीत बसवता येत होत्या.

मग एक यंत्रमाग कामगार होते. रात्रपाळी करून आलेले, कानात अजून मागाचा आवाज असल्यासारखे मोठ्याने बोलणारे. त्यांनी अंक उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "आमच्या मजुरीवाढीचं असं पयल्या पानावर कवा येतंय?" त्यांनी त्या बातमीतला अर्थ स्वीकारला नाही, जुळवून घेतला नाही, नाकारलाही नाही. ही जागा आपल्याला का मिळत नाही, एवढंच त्यांनी विचारलं. त्यानंतर मी त्या दिवशीचे सगळे अंक पुन्हा वाचले. शेतकरी होता, कारखानदार होता, सरकार आणि न्यायालय होतं, संघटनेचे नेते होते. बीडकडून येऊन थंडीत ऊस तोडणारा माणूस मला एकाही बातमीत सापडला नाही. हंगाम संपत आलेला, गावाबाहेर त्यांच्या खोप्या अजून उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एका मुकादमाला विचारलं तर ते म्हणाले, दराची बातमी आमच्या कामाची न्हाई, तोडणीचा दर वाढला तर सांगा.

या एका दिवसाच्या नोंदींनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही सारांशाने शिकवलं नसतं. एजन्सीच्या वहीत त्या दिवशी किती अंक गेले ते लिहिलेलं आहे. पण गावच्या ग्रुपवर गेलेला मथळ्याचा फोटो त्या वहीत नाही, आणि अंक हातात धरून आपली जागा शोधणारा कामगारही नाही. खप आणि वाचक यांच्यात केवढं अंतर आहे ते मला चहाच्या गाड्यावर दिसलं. लंडनला याच अंतराबद्दल विचारायचं, हे तेव्हा पक्कं झालं.

दुसरा मोठा विषय होता सार्वजनिक प्रसारण. बीबीसी 1922 मध्ये कंपनी म्हणून सुरू झाली आणि 1927 पासून राजसनदेखाली महामंडळ झाली. पहिले महासंचालक जॉन रीथ यांनी माहिती, शिक्षण आणि मनोरंजन अशी तिची तीन कामं मानली. आपल्या आकाशवाणीचं बोधवाक्य 'बहुजन हिताय बहुजन सुखाय'. दोन्हींत सरकारपेक्षा वेगळी, लोकांची अशी काहीतरी संस्था असावी ही अपेक्षा आहे, पण पैसा येतो कुठून यात सगळा फरक. ब्रिटनमध्ये टीव्हीवर थेट कार्यक्रम बघणाऱ्या घराला परवाना शुल्क भरावं लागतं, एप्रिल 2025 मध्ये ते वर्षाला 174.50 पाउंड झालं. न भरणं हा गुन्हा आहे. बीबीसीची सध्याची सनद 2027 अखेर संपते, त्यामुळे हे शुल्क ठेवायचं की दुसरं काही करायचं यावर तिथे जोरात वाद सुरू आहे.

हे आजोबांना सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. ट्रंकेतून त्यांनी एक छोटं पुस्तक काढलं. रेडिओचं लायसन्स. आपल्याकडेही 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ ठेवायला पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत, आणि त्या पुस्तकात वर्षावर्षाची तिकिटं चिकटवलेली, त्यावर पोस्टाचे गोल शिक्के. कडा पिवळ्या पडलेल्या, एका तिकिटाचा रंग शेजारच्या पानाला लागलेला. आजोबा म्हणाले, "लायसन्सचा माणूस येतोय म्हटलं की लोक रेडिओ गोधडीत गुंडाळायचे." मी ते पुस्तक फोटो काढून माझ्या टिपणाला जोडलं. भारताने परवाना शुल्क बंद केलं तेव्हा आकाशवाणी आणि दूरदर्शन पूर्णपणे सरकारी पैशावर आणि जाहिरातीवर आले, त्याचा बातम्यांवर काय परिणाम झाला, हा प्रश्न मी त्या फोटोखाली लिहून ठेवलाय.

बीबीसीचं वाचताना एक नाव भेटलं ते मला इथे सांगायलाच हवं. वेणू चितळे. कोल्हापूरकडच्या या बाई दुसऱ्या महायुद्धात बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल यांच्या सहकारी होत्या. त्या काळात बीबीसीवरून मराठीतही वार्तापत्रं जात. 1942 चा एक फोटो आहे, त्यात कवी टी. एस. एलियट, कादंबरीकार मुल्कराज आनंद आणि मागे उभे ऑर्वेल, आणि त्याच मंडळींत साडी नेसून बसलेल्या वेणू चितळे. पत्रकारिता शिकताना मला हे नाव कुणी सांगितलं नव्हतं. माझा पहिला विचार त्यांच्यावरच काम करायचा होता. पण बीबीसीची जुनी कागदपत्रं लंडनबाहेर कॅव्हर्शमला आहेत, आणि तीन आठवड्यांत वर्ग सांभाळून ते झेपणारं नव्हतं. मॅडमनी सांगितलं, एकच विषय घे आणि आधी इथे काय मिळतं ते बघ.

म्हणून मी गेले मुंबईला, फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. विभागाचं पत्र, ओळखपत्र, अर्ज, आणि मग टेबलावर आलेल्या जाड बांधणीच्या फाइली. इंग्रज सरकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर साप्ताहिक अहवाल तयार करायचं. कुठल्या पेपरने काय लिहिलं, त्याचा इंग्रजी गोषवारा सरकारी भाषांतरकार काढायचे. नंतरच्या वर्षांतल्या अहवालांच्या सुरुवातीला पेपरांची यादी असते, आणि त्यात गाव, संपादकाचं नाव, जात, वय आणि खप.

खप! सरकारला हवा होता तोच आकडा, जो पप्पा रोज पहाटे मोजतात. मी त्या रकान्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले. कायद्याच्या बडग्यासाठी कुणीतरी हे मोजलं होतं. वाचणाऱ्यांनी काय अर्थ काढला, याची त्या सरकारलाही चिंता होती, पण त्यासाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता.

मी विषय निवडला कोल्हापूर प्रकरणाचा. 1881 मध्ये सुरू झालेल्या 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाबद्दल आणि दिवाण बर्वे यांच्याबद्दल लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पुरावा म्हणून दिलेली पत्रं बनावट ठरली आणि 1882 मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात ते 101 दिवस होते. शाळेत आपण हे टिळक-आगरकरांच्या बाजूने शिकतो, आणि ते योग्यच आहे. पण पत्रकार म्हणून मला जास्त सलतं ते हे, की हाती आलेली कागदपत्रं पडताळून न बघता छापली तर न्याय्य बाजूचंही किती नुकसान होतं. महाराजांवरच्या अन्यायाचा मुद्दा कोर्टात मागे पडला आणि चर्चा पत्रांवर आली. चौथे शिवाजी पुढच्याच वर्षी अहमदनगरला वारले. आजही व्हॉट्सअॅपवर फिरणारं एखादं पत्र बातमी म्हणून छापलं जातं तेव्हा मला कोल्हापूर प्रकरण आठवतं.

या अहवालांची प्रत लंडनला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातही आहे, आणि त्याच दप्तरात संस्थानांचा पत्रव्यवहार. मुंबईत गोषवारा बघितल्यामुळे तिथे काय मागायचं ते आता माझ्याकडे लिहून तयार आहे. तिथे वाचनकक्षात जायला रीडर पास काढावा लागतो. नोंदणी आधी ऑनलाइन, मग प्रत्यक्ष जाऊन पत्त्याचा आणि सहीचा मूळ पुरावा दाखवायचा. आत पेन चालत नाही, शिसपेन्सिलच.

व्हिसाबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगते. तीन आठवड्यांच्या कोर्सला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं. एप्रिल 2025 मध्ये त्याची फी 127 पाउंड झाली होती. अर्ज ऑनलाइन भरायचा, कागदपत्रं चढवायची, पुण्याच्या केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा. निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो. या व्हिसावर काम चालत नाही, पगारी नाही आणि बिनपगारी इंटर्नशिपही नाही. "तिथल्या एखाद्या पेपरात महिनाभर बस की" असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला, त्यांनी हा नियम वाचावा.

आमची खरी अडचण होती उत्पन्न दाखवण्याची. वृत्तपत्र एजंटाचा पैसा म्हणजे वसुलीचा, घरोघरची सुट्टी रोख. खात्यावर महिन्याच्या सुरुवातीला छोटे छोटे भरणे, मग कंपन्यांची बिलं जातात, हाती उरतं ते कमिशन. व्हिसाची कामं करणाऱ्या एका एजंटाने सुचवलं की काही दिवस चार लाख खात्यात फिरवून देतो, कमिशन द्या. पप्पा म्हणाले, "जे हाय ते दाखवायचं. व्हिसा मिळाला तर मिळाला." माझंही मत तेच, आणि नुसतं सचोटीचं म्हणून नाही. अचानक आलेली मोठी रक्कम अधिकाऱ्याला लगेच दिसते आणि शंका तिथेच येते. आम्ही उलट केलं. शॉप अॅक्ट परवाना, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, कंपन्यांची कमिशनची बिलं आणि वसुलीच्या वहीतलं एक पान, असं जोडून एक पानी पत्र लिहिलं. आमचा धंदा कसा चालतो, पैसा महिन्यात कधी येतो, कधी जातो, ते साध्या इंग्रजीत. हे पत्र लिहायला मला अर्जातल्या पाचशे शब्दांचा फार उपयोग झाला.

आजोबांच्या नावावरच्या जमिनीचा सातबारा जोडला. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला पूर्ण भाषांतर लागतं आणि भाषांतरकाराने ते अचूक असल्याचं लिहून नाव, सही, तारीख, संपर्क द्यावा लागतो. कोल्हापुरातल्या भाषांतरकार बाईंनी एकेक रकाना विचारून केला. आडसाली ऊस म्हणजे काय, हे व्हिसा अधिकाऱ्याला समजेल असं लिहायला त्यांनी दोन ओळी घेतल्या. घाई न करणारा भाषांतरकार शोधा, एवढं मी आवर्जून सांगेन. व्हिसा मेच्या अखेरीला आला.

इंग्रजीची भीती मला होती ती बोलण्याची. वाचलेलं कळतं, पण चर्चेच्या वर्गात मत मांडायचं, दुसऱ्याला तोडून नाही पण थांबवून बोलायचं, शिक्षकांशी असहमत व्हायचं, हे आपल्याकडे सवयीचं नाही. आम्ही विभागातल्या चौघींनी संध्याकाळी बसायला सुरुवात केली. एकीने एक निबंध कागद न बघता पाच मिनिटं सांगायचा, बाकीच्यांनी मध्येच प्रश्न टाकायचे. पहिल्यांदा घशाला कोरड पडायची. हळूहळू कळलं की अवघड इंग्रजी शब्दांमुळे मी अडखळत होते, साध्या वाक्यात मुद्दा नीट उभा राहत होता. ब्रिटिश रेडिओ ऐकून कान तयार केला. लंडनचा उच्चार लवकर लागला, स्कॉटिश अजूनही नीट लागत नाही. टिपणं काढताना कुठलं वाक्य कुणाचं, पान कितवं, हे तिथल्या तिथे लिहायची सवय लावली, कारण उसनं वाक्य आपलं म्हणून गेलं तर तिथे फार कडक कारवाई होते.

बाकी सामानाचं विशेष काही नाही. तिथला प्लग तीन चौकोनी पिनांचा, अॅडॉप्टर इथूनच घेतला. जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, पण पाऊस कधीही, म्हणून छत्री. आईने थालीपीठाची भाजणी आणि कोल्हापुरी चटणी बांधलीय.

शेवटची सूचना कोर्सकडून गेल्या आठवड्यात आली. पहिल्या वर्गात प्रत्येकाने आपल्या गावचं एक वृत्तपत्र आणायचं आणि त्यावर दहा मिनिटं बोलायचं. मी एक नेणार नाही, 18 मार्चचे सगळे अंक नेणार आहे. पप्पांनी प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात त्या दिवशीचा आमच्या एजन्सीतला खप लिहून दिला, परतावा वजा करून. मी त्याखाली चहाच्या गाड्यावरच्या नोंदींतून, ती बातमी कुणी काय म्हणून वाचली ते इंग्रजीत लिहिलंय. ऊसतोड कामगारांसाठी शेवटचा रकाना ठेवलाय, त्यात मुकादमाचं वाक्य आहे. दहा मिनिटांतली निम्मी मी त्या रकान्यावर बोलणार आहे, आणि तिथल्या शिक्षकांना विचारणार आहे की ज्याच्याबद्दल बातमीच नाही त्या वाचकाचा अभ्यास तुमच्याकडे कसा करतात. मुंबईची गाडी रविवारी रात्रीची, महालक्ष्मी एक्सप्रेस.